फियाटचा जीर्णोद्धार

आमच्या वडिलांची फियाट 1100 डिलाइट ही 1965 सालची. वडील गिरगावात डॉक्टरकी करीत. दवाखाना प्रार्थना समाजाजवळ, बिऱ्हाड ठाकुरद्वारच्या एका वाडीत, आणि रोगी मात्र चौपाटीपासून थेट परळ-लालबागच्या चाळींपर्यंत विखुरलेले; त्यामुळे अपरात्री बोलावणे आले म्हणजे वाहन शोधण्यात जो वेळ मोडे, तो रोग्याच्या जिवावर बेतू नये, याच एका हेतूने त्यांनी मोटार घेण्याचा निश्चय केला होता. निश्चय आणि मोटार यांच्यामध्ये त्या काळी वर्षांचे अंतर असे. परदेशी गाड्यांची आयात जवळजवळ बंद, देशात ॲम्बॅसेडर, फियाट आणि स्टँडर्ड हेरल्ड एवढीच काय ती निवड, आणि अनामत रक्कम भरून नाव नोंदवले तरी आपली पाळी येईपर्यंत स्वस्थ बसण्यावाचून गत्यंतर नाही, अशी स्थिती होती. इतक्या प्रतीक्षेनंतर दारी आलेली ती गाडी विकून दुसरी घ्यावी, हा विचार वडिलांच्या हयातीत कोणाच्या मनाला शिवलासुद्धा नाही.

ते निवर्तल्यावर मात्र गाडी वाडीतल्या पिंपळाखाली ताडपत्री पांघरून उभी राहिली. भंगारवाले येत, ताडपत्री उचलून पाहत आणि वजनावर भाव सांगत. आम्ही नकार देत होतो, परंतु त्या नकारापलीकडे आमच्यापाशी कसलीही तजवीज नव्हती.

तजवीज सुचली ती स्वीडनमध्ये. माझा मुलगा नोकरीनिमित्त गोथेनबर्ग येथे असतो आणि एका उन्हाळ्यात मी त्याच्याकडे राहिले होते. त्याच्या शेजारच्या घरी व्होल्वोची ॲमेझॉन ही, 1956 ते 1970 या काळात निघालेल्या मालिकेतली, एक जुनी गाडी होती. आणि सुटीच्या दिवशी त्या घरातले आजोबा, त्यांची लेक आणि दोन नातवंडे अशी तीन पिढ्यांची माणसे गॅरेजचे दार उघडून तिच्याभोवती कामाला लागत. तिकडे हिवाळ्यात रस्त्यावरचा बर्फ वितळावा म्हणून मीठ टाकतात आणि ते मीठ गाड्यांचा पत्रा तळातून खाऊन टाकते, म्हणून त्यांचे बहुतेक कष्ट गंजाविरुद्धच चाललेले असत. धाकटी नात चाकाच्या कमानीवर काचकागद घाशीत असताना आजोबांनी तिचा हात धरून दाब किती द्यायचा ते दाखवले, ते मी खिडकीतून पाहिले. त्याच गल्लीत कोणाची साब 96 होती, तीही चालती. अमेरिकेतल्या आर्व्ह गॉर्डन नावाच्या शिक्षकाने आपल्या 1966 सालच्या व्होल्वो पी 1800 गाडीवर 2013 सालापर्यंत तीस लाख मैल, म्हणजे सुमारे 48 लाख किलोमीटर, प्रवास केला, ही हकीकतही मला मुलाने तिथेच सांगितली. यंत्राला वय असते ते आपण त्याची निगा सोडतो तेव्हापासून, असे माझ्या मनाने त्या दिवसांत घेतले, आणि मुंबईस परतताच मी धाकट्या भावापाशी विषय काढला.

भावाचे घर दादरच्या हिंदू कॉलनीत, तळमजल्याला जुने गॅरेज असलेल्या इमारतीत. गाडी ओढून तिथे नेली, आणि कामाची वाटणी आपोआप झाली. भाऊ बँकेतून निवृत्त झालेला, हिशेब त्याच्याकडे. भावजयीने आसनांचा भार उचलला, कारण शिवणयंत्रावर तिचा हात बसलेला आहे. भाची माटुंग्याच्या व्हीजेटीआयमध्ये यंत्र-अभियांत्रिकी शिकत होती. ओल्या ग्रीसमध्ये कोपरापर्यंत हात घालण्याचा पहिला मान तिचा. माझ्या वाट्याला आले कागदपत्र आणि तारा. वडिलांच्या दप्तरात नोंदणीपुस्तक, कराच्या पावत्या, विम्याचे दस्तऐवज असे सारे सालवार बांधून ठेवलेले सापडले, त्यामुळे वारसाच्या नावे गाडी करून घेण्याचे काम अर्ज, प्रतिज्ञापत्र आणि ना-हरकत एवढ्यावर निभावले. डॅशबोर्डामागून निघालेल्या प्रत्येक तारेला मी कापडी पट्टी गुंडाळली आणि तिच्यावर मराठीत नाव लिहिले: हॉर्न, डावा इंडिकेटर, पेट्रोलचा काटा.

पायाखालचा गालिचा उचलला तेव्हा खालची फरशी दिसली. गिरगावच्या हवेत समुद्राचे मीठ असते. त्या मिठाचा दमट थर पत्र्यावर बसला म्हणजे त्यातून सूक्ष्म विद्युत्प्रवाह सुलभपणे वाहू लागतो आणि लोखंडाचे गंजणे कित्येक पटींनी त्वरेने होते, म्हणून बाहेरून रंग शाबूत आणि आतून पत्र्याची जाळी, असा प्रकार इथल्या जुन्या गाड्यांत सर्रास आढळतो. अशा जागी पुट्टी थापून वर रंग मारण्याचा उपाय स्वस्त खरा, परंतु एका पावसाळ्यात त्याचा निकाल लागतो. आम्ही कुजलेला भाग कापून काढला, त्याच जाडीचा नवा पत्रा आणून गॅस वेल्डिंगने जोडला, आणि डेंटरने आतून लोखंडी ठोकळा धरून बाहेरून हातोडीने तो इतका समतल केला की बोट फिरवले तरी सांधा लागू नये. मूळ रंगाविषयी घरात वाद होता. भाऊ पांढरा म्हणे, मला हिरवा आठवे. दाराच्या आतले अस्तर काढल्यावर, जिथे ऊन कधी पोचले नव्हते अशा ठिकाणी, निळसर राखी रंगाचा एक वीतभर पट्टा जसाच्या तसा निघाला, आणि तोच कायम झाला.

या सर्व उद्योगाचे खरे सूत्रधार आमचे मिस्त्री. त्यांचे गॅरेज परळला, पत्र्याच्या छपराखाली. त्यांचे वस्ताद शिवडीच्या जनरल मोटर्समध्ये कामाला होते. 1928 साली सुरू झालेला तो जुळणीचा कारखाना 1954 साली बंद झाला, तेव्हा तिथली कुशल माणसे गिरणगावच्या गल्लीबोळांत पसरली आणि त्यांच्या हाताखाली पुढची पिढी तयार झाली. मिस्त्री स्वतः एका गिरणीच्या वर्कशॉपमध्ये फिटर होते. 18 जानेवारी 1982 रोजी सुरू झालेल्या संपानंतर गिरणीचे दार त्यांना पुन्हा उघडले नाही. हातातले कसब मात्र कोणाला जप्त करता आले नाही, आणि त्याच्याच बळावर त्यांनी फियाट टॅक्सी दुरुस्त करीत संसार उभा केला. इंजिनिअरीच्या पदव्या पुष्कळ पाहिल्या, पण इतकी नेमकी बुद्धी मी क्वचित पाहिली आहे.

इंजिन प्रथमच सुरू झाले त्या दिवशी एक बारीक टकटक येत होती. मिस्त्रींनी लांब स्क्रू-ड्रायव्हर घेतला, त्याचे टोक इंजिनाच्या माथ्यावर टेकवले आणि मूठ कानाला लावून डोळे मिटले. टोक एकेका ठिकाणी सरकत गेले. मग त्यांनी तो भाचीच्या हाती दिला.

"ऐक पोरी. पहिल्याचा आवाज ऐक, मग शेवटच्याचा. काय फरक वाटतो?"

"शेवटचा कोरडा वाटतोय, मिस्त्रीकाका."

"टॅपेट सैल आहे. गेज घाल आणि बघ."

तिने इंजिन बंद करून वरचे झाकण उघडले, व्हॉल्व्हच्या फटीत फीलर गेजची पाती घातली, तर जी अडखळत आत जायला हवी होती ती सळकन गेली. नट ढिला करून तिने स्क्रू केसभर फिरवला, पुन्हा पाती घालून पाहिली, आणि मिस्त्रींकडे पाहिले. त्यांनी नुसती मान हलवली. 1089 घनसेंटिमीटरचे, सुमारे 40 अश्वशक्तीचे ते चार सिलिंडरांचे लहानसे इंजिन त्यानंतर एका लयीत चालू लागले. पुढे स्टिअरिंगच्या दांड्यावरचा गिअर खडखडत होता, त्याचे झिजलेले बुश बाजारात मिळेनात, तेव्हा लेथवर पितळेचे नवे कातून घेण्यात आले. आणि पहिल्या गिअरला सिंक्रोमेश नसल्यामुळे चालत्या गाडीत तो टाकताना क्लच दोनदा दाबण्याची पद्धत भाचीने मिस्त्रींकडूनच उचलली.

वस्तू जतन करणे म्हणजे तिच्याभोवतीचे हस्तकौशल्य जतन करणे होय, हे माझे मत या कामाने पक्के झाले. वालचंद हिराचंदांनी 1944 साली स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यात आधी डॉज, प्लिमथ, डिसोटो जुळवल्या गेल्या, मग लोक जिला डुक्कर फियाट म्हणत ती 1100 आली, 1964 साली डिलाइट आणि 1974 पासून तिचेच पद्मिनी हे नाव. यंत्र बहुतांशी तेच राहिल्यामुळे पद्मिनीचे पुष्कळसे सुटे भाग आमच्या गाडीला बसतात. पद्मिनीच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सी रस्त्यावर होत्या तोवर ऑपेरा हाऊसच्या दुकानांतून, कुर्ल्याच्या सी.एस.टी. रोडवरून ते सहज मिळत. टॅक्सीला 20 वर्षांची मुदत. शेवटची पद्मिनी टॅक्सी ताडदेवच्या कार्यालयात 29 ऑक्टोबर 2003 रोजी नोंदली गेली होती, आणि 30 ऑक्टोबर 2023 पासून ती जात मुंबईच्या रस्त्यांवरून कायद्यानेच नाहीशी झाली. वर्तमानपत्रांनी तिला भावपूर्ण निरोप दिला, तो योग्यच होता; परंतु तिच्याबरोबर ब्रेकचे सिलिंडर भरणारा, रेडिएटर झाळणारा आणि काथ्याच्या गाद्या भरणारा कारागीरही बेकार झाला, याची दखल फारशी कोणी घेतली नाही, आणि मला त्याचेच दुःख अधिक आहे.

बदल किती करावा, हाही प्रश्न होता. 2021 साली केंद्र शासनाने 50 वर्षांहून जुन्या गाड्यांसाठी स्वतंत्र नियम केले. सांगाडा, बॉडी आणि इंजिन यांत मोठा फेरफार नसेल तर 20,000 रुपये फी भरून दहा वर्षांच्या मुदतीची विशेष नोंदणी आणि ‘व्हीए’ अक्षरांची पाटी मिळते. मात्र अशी गाडी प्रदर्शनाला, संचलनाला, पेट्रोल भरायला वा दुरुस्तीला न्यावी. नित्याच्या वापराला मनाई आहे. हॉर्निमन सर्कलपाशी संचलनासाठी उभ्या राहणाऱ्या राजेरजवाड्यांच्या गाड्यांना हा नियम शोभतो. आमची गाडी डॉक्टरची, कामाची. तिने पावसात माणसांची ने-आण करावी यातच तिचा मान आहे, म्हणून आम्ही साधी नोंदणीच तपासणी करून घेऊन, कर भरून पुढे चालू ठेवली.

चालवायची म्हटल्यावर थोडे बदल अपरिहार्य ठरले. इथेनॉलमिश्रित पेट्रोल जुन्या रबराला सोसत नाही, म्हणून नळ्या आणि पंपाचा पडदा नव्या जातीचे घातले. आणि पुढच्या दोन्ही आसनांना तीन ठिकाणी जखडणारे पट्टे बसवले, ते भाचीच्या आग्रहामुळे. हा पट्टा व्होल्वोच्या नील्स बोलिन या अभियंत्याने सिद्ध केला. 1959 साली तो त्यांच्या गाड्यांत आला आणि पेटंट असूनही त्याचा उपयोग इतर सर्व कारखानदारांना खुला ठेवण्यात आला. वडिलांच्या गाडीत स्वीडनचा हा एवढा एक अंश आहे आणि तो मला अत्यंत प्रिय आहे. दोन दारांमधल्या खांबाला आतून जाड पत्र्याची पट्टी देऊन मिस्त्रींनी पट्ट्याचा बोल्ट कसला, तेव्हा पट्ट्याला लोंबकळून त्यांनी स्वतःचे वजन टाकून पाहिले.

मागच्या डाव्या दाराची काच अजून वर-खाली होत नाही. आतल्या दातेरी पट्टीचे दात मोडले आहेत आणि तशी पट्टी कुर्ल्यालाही सापडलेली नाही. शुक्रवारी पहाटे चोरबाजारात रस्त्यावर माल मांडतात, तिथे एकाकडे फियाटची सुटी दारे येतात असे कळले आहे. भाची मोडकी पट्टी नमुन्यादाखल घेऊन येत्या शुक्रवारी जाणार आहे, आणि मिस्त्रींनी तिला बजावले आहे की पट्टी एकटी मिळाली तर घेऊ नकोस, सबंध दारच उचल.