एक्सलला हलायला जागा

जुन्या गाड्यांचे रील्स बघताना आपल्याला क्रोमचा बंपर दिसतो, गोल मीटर दिसतो, स्टीअरिंगजवळचा गिअर दिसतो. ब्रेकची नळी कुणी दाखवत नाही. ती असते पेन्सिलीपेक्षा बारीक, गाडीच्या पोटाखालून गेलेली. आमच्या प्रीमियर पद्मिनीचा मागचा एक्सल बदलल्यावर माझे दोन आठवडे या नळीत गेले.

पद्मिनी कुर्ल्याच्या कारखान्यात बनायची. तिचा एक्सलही आम्हाला कुर्ल्यातच मिळाला, भंगारात निघालेल्या एका काळी-पिवळीचा. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३मध्ये रस्त्यावरून उतरली. आता एक गाडी मोडते तेव्हा दुसरी चालते.

एक्सल बसला, पाट्यांचे यू-बोल्ट आवळले. पण जुनी नळी जुळेना. डाव्या-उजव्या चाकाकडे फाटा देणारा टी या एक्सलवर चार बोटं सरकलेला होता.

बाबा म्हणाले, "थोडी वाकवून घे की. शनिवारी साताऱ्याला लग्न आहे."

सातारा म्हणजे वाटेत खंबाटकी. आणि आमच्या गाडीत चारही चाकांना मिळून ब्रेकचं एकच सर्किट. मागे एक नळी फुटली, तर पुढचे ब्रेकही गेले. मिस्त्रीकाका माझ्या बाजूने होते. "जुनी नळी आतून गंजलेली असते. परत वाकवलीस तर कधी तडकेल सांगता येत नाही."

दुकानात तांब्याची नळी सुचवली गेली. ती हाताने वळते, काम पटकन होतं. पण साधं तांबं थरथरीने कडक होत जातं आणि मग त्याला चीर पडते. आम्ही ब्रेकसाठीचीच स्टीलची नळी घेतली, ३/१६ इंची. तिचं तोंड दोनदा दुमडून डबल फ्लेअर करायचा, आणि त्याआधी आठवणीने नट ओवायचा. नंतर तो आत जात नाही.

सगळ्यात जास्त वेळ गेला तो रबरी होजला. बॉडी आणि एक्सल यांच्यामधला तेवढाच तुकडा लवचीक असतो, कारण प्रत्येक खड्ड्यात एक्सल वर-खाली होतो आणि बॉडी त्याच्यासारखी हलत नाही. गाडी स्टँडवर घेऊन एक्सल पूर्ण लोंबू दिला. होज ताणला जात नाही ना ते पाहिलं. मग एक्सलखाली जॅक लावून तो वर उचलला. होज सायलेन्सरला घासत नाही, पिळत नाही ना ते पाहिलं. मला वाटायचं, ब्रेकचं काम म्हणजे सगळं गच्च बांधणं. इथे नेमकी ढील मोजायची होती.

मग हवा काढणं. मास्टर सिलिंडरपासून सगळ्यात लांबचं चाक आधी, म्हणजे मागचं डावं. तेल दाबलं जात नाही, हवा दाबली जाते. एक बुडबुडा राहिला तरी पेडल स्पंजसारखं लागतं. शुक्रवारी रात्री ते तसंच लागत होतं.

"उद्या गाडी नाही," मी म्हणाले. बाबा माझ्याशी बोललेच नाहीत. लग्नाला आम्ही एसटीने गेलो.

रविवारी परत हवा काढली. पेडल कडक झालं. मिनिटभर जोर लावून ते दाबून धरलं, प्रत्येक जोडाखाली वर्तमानपत्र पसरलं होतं. कागद कोरडा राहिला.

पुढच्या आठवड्यात बाबांनी गाडी घाटात नेली. उतारावर पुढे एक ट्रक रेंगाळत होता. बाबांनी ब्रेक दाबला, गाडी सरळ रेषेत हळू झाली. ते काही बोलले नाहीत. आई शेजारी झोपली होती.