टेपचं दुसरं टोक

आईच्या शिलाई मशीनच्या खणात ६० इंचांची एक पिवळी टेप असायची. टोकाची पितळी पट्टी केव्हाच निघून गेलेली, पहिला इंच झिजून अर्धा उरलेला. आई ती टाकून देत नसे. एक इंचाच्या खुणेवर अंगठा धरून ती माप घ्यायची आणि आलेल्या आकड्यातून एक वजा करायची. वही माझ्या हातात असायची. सुरुवात नेमकी कुठून धरली हे ठाऊक असलं, की झिजलेली टेपही खरं माप देते, हे मी त्या वहीत आकडे लिहिता लिहिता शिकले.

स्थापत्य अभियांत्रिकीला गेले तेव्हा सर्वेक्षणाच्या प्रात्यक्षिकात ३० मीटरची टेप हाती आली. हाती म्हणजे, एक टोक. एकानं खुंटीपाशी शून्य दाबून धरायचं, दुसऱ्यानं टेप ताणून आकडा वाचायचा, तिसऱ्यानं तो फील्डबुकात उतरवायचा. आम्हा मुलींच्या वाट्याला बहुतेक वेळा शून्य यायचं, नाहीतर वही. ‘तुमचं अक्षर चांगलं आहे’ असं मुलं अगदी मनापासून म्हणायची. कुणाच्याही मनात वाईट नव्हतं, आणि तरीही सत्र संपत आलं तेव्हा कोन मोजणाऱ्या थिओडोलाइटचा स्क्रू आमच्यातल्या कित्येकींनी फिरवलेला नव्हता. प्रयोगशाळेतल्या एका मॅडमच्या ते लक्षात आलं. भाषण न देता त्या एवढंच म्हणाल्या, “सकाळी सातला या. मैदान रिकामं असतं, किल्ली माझ्याकडे आहे.” तिपाई रोवणं, बुडबुडा मध्यावर आणणं, टेप ताणून आकडा मोठ्यानं सांगणं हे सगळं आम्ही त्या सकाळींत शिकलो. मार्गदर्शन म्हटलं की आजही मला ती किल्ली आठवते.

अ‍ॅना मणी यांच्याविषयी मी पुढे वाचलं. केरळात जन्मलेल्या या बाईंनी बंगळुरूला सी. व्ही. रामन यांच्या प्रयोगशाळेत संशोधन केलं. पदव्युत्तर पदवी नाही या कारणावरून त्यांना पीएच.डी. नाकारली गेली. १९४८ साली त्या पुण्याच्या हवामान खात्यात आल्या आणि सुमारे शंभर हवामान उपकरणांचे प्रमाणित आराखडे त्यांच्या देखरेखीखाली तयार झाले. उपकरण अचूक नसेल तर त्यावर उभा राहिलेला अंदाजही डळमळीत, हा त्यांचा आग्रह. पुण्यातच शिकत असल्यानं मला त्या घरातल्या वडीलधाऱ्या बाईसारख्या वाटल्या.

माझं संशोधन भूजलावर, पुरंदरच्या पूर्वेकडच्या कोरड्या पट्ट्यात. महाराष्ट्राचा ८० टक्क्यांहून जास्त भाग बेसाल्टवर वसलेला आहे. वर मुरूम, खाली मांजऱ्या खडक, त्याखाली काळा पाषाण. पाणी राहतं ते झिजलेल्या थरात आणि भेगांमध्ये. विहिरीतली पातळी मोजायची जुनी रीत साधी आहे. पोलादी टेपच्या खालच्या मीटरभर भागाला खडू चोळायचा, टेप पाण्यात सोडायची आणि वरचा एखादा पूर्ण मीटर कठड्यावरच्या खुणेशी जुळवायचा. मग टेप वर ओढून खडूचा ओला झालेला भाग वजा करायचा, शेवटी कठड्याची उंचीही वजा करायची. वजाबाकी आईचीच. फक्त आता त्या वजाबाकीवर प्रबंध उभा राहणार होता.

कठड्याभोवती माणसं जमायची. म्हातारे ‘दोन परस पाणी हाय’ असं नजरेनंच सांगायचे आणि त्यांचा अंदाज फारसा चुकत नसे. मुली मात्र टेपकडे बघत उभ्या राहायच्या. एकदा आठवीतली एक मुलगी म्हणाली, “ताई, आज माप नका घेऊ. वरच्या वावरातली मोटार रात्रीपासून चालू आहे.” शेजारच्या उपशानं विहिरीची पातळी खाली ओढली जाते हे माझ्या पुस्तकात होतं. आज कुणाची मोटार चालू आहे, हे तिलाच ठाऊक होतं. मी टेप तिच्या हातात दिली.

तिथून शनिवार सुरू झाले. आठवी-नववीच्या मुली शाळेजवळच्या विहिरी मोजू लागल्या. ६ मीटर व्यासाच्या विहिरीत १ मीटर पाणी म्हणजे सुमारे २८ हजार लिटर, हे गणित त्यांनी फळ्यावर सोडवलं. त्यापुढचं गणित मोठं होतं. झिजलेल्या बेसाल्टमधून त्याच्या घनफळाच्या साधारण १ ते ३ टक्केच पाणी सुटतं. २ टक्के धरले, तर हेक्टरभर रानाखालची पातळी मीटरभर उतरली की २ लाख लिटर पाणी गेलं. हिवरे बाजार हे गाव पाण्याचा ताळेबंद मांडून पिकं ठरवतं, तो ताळेबंद याच मापांपासून सुरू होतो हे मुलींना कळलं. रब्बीच्या तोंडावर त्यांनी ग्रामसभेत आपले आकडे वाचले. माणसांनी उलटसुलट प्रश्न विचारले. ‘कुठून मोजलं?’ ‘मोटार बंद होती का?’ मुलींकडे उत्तरं होती, कारण मोजलं त्यांनीच होतं.

आता त्यांतल्या काही जणी अभियांत्रिकीचे अर्ज भरतात. २०२४-२५ पासून ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांतल्या ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क पूर्ण माफ झालं. हा फार मोठा निर्णय आहे. उत्पन्नाचा दाखला, नॉन-क्रीमीलेअर, सीईटीच्या तारखा यांत कुणाची तरी सोबत लागते, ती मी करते. पण फी माफ झाली म्हणून प्रात्यक्षिकात वाचायचं टोक आपोआप हाती येत नाही. ते मागून घ्यायची सवय शाळेतच लागावी लागते.

म्हणून आमच्या शनिवारी एकच नियम आहे. प्रत्येकीनं आकडा स्वतः वाचायचा, मोठ्यानं सांगायचा आणि नोंदीखाली आपली सही करायची. आकडा जी वाचते तिलाच लोक प्रश्न विचारतात, आणि त्या प्रश्नांना उत्तरं शोधता शोधताच मुलगी संशोधक होते.