कोवळ्या डोंगरातली शर्यत

सिलाओस, रियुनियन बेट

ती. दादास,
सा. न. वि. वि.

इथली ‘ग्रां रेड’ ही डोंगरातल्या धावण्याची स्पर्धा ऑक्टोबरात होते. तिची मुख्य शर्यत रात्री दक्षिण किनाऱ्यावरच्या सेंट-पिएरहून सुटते, बेट आरपार कापते आणि उत्तरेला सेंट-दनीच्या ला रेदूत स्टेडियमवर संपते. मार्ग दरवर्षी थोडाफार बदलतो, पण अंतर साधारण १७० किलोमीटर आणि एकूण चढाई दहा हजार मीटरच्या आसपास असते. तू म्हणशील, सिलाओसच्या माथ्यावरची ताईबी खिंड २,०८१ मीटरची, म्हणजे कळसूबाईहून जेमतेम साडेचारशे मीटर उंच. शिवाय दगडही आपलाच, काळा बेसाल्ट. मग सह्याद्रीत पळणाऱ्यांनी एवढा बाऊ कशाला करायचा? दगडाचं नातं तर तुला वाटतं त्याहूनही जवळचं आहे. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी ज्या तप्तबिंदूने दख्खनवर लाव्हा ओतला, त्यानेच पुढे हे बेट घडवलं. पण बेट समुद्राबाहेर आलं ते अवघ्या वीस-तीस लाख वर्षांपूर्वी. माझ्या मते, ही शर्यत अवघड होते ती डोंगराच्या उंचीमुळे नव्हे, त्याच्या कोवळ्या वयामुळे.

दख्खनचे थर आडवे पसरले, म्हणून आपल्याकडे कडा चढला की पठार लागतं. तिथे दम खाता येतो, पळताही येतं. इथे ‘पितों दे नेज’ हा थंडावलेला ज्वालामुखी कोसळत आणि झिजत गेला आणि त्याच्या कुशीत माफात, सालाझी, सिलाओस ही तीन प्रचंड कुंडं तयार झाली. पाऊस तर असा, की जानेवारी १९६६मध्ये फॉक-फॉक इथे २४ तासांत १,८२५ मिलिमीटर पडला. ठिसूळ राख-लाव्हा आणि असलं पाणी एकत्र आलं की घळी खोल होत जातात. पायवाटेला डोंगराच्या कडेने सपाट जाता येत नाही. प्रत्येक घळीत उतरायचं आणि पुन्हा वर यायचं. माफातमध्ये आजही मोटाररस्ता नाही, वाड्यांना जड सामान हेलिकॉप्टरने येतं. वाटेवर ओंडके आडवे ठोकून पायऱ्या केल्या आहेत. मागची माती वाहून गेली की ओंडका तेवढा उरतो आणि पायरी नडगीच्या वर जाते. चढताना दम लागतो, तो बसल्यावर जातो. उतरताना मांडीचा स्नायू भार झेलतच ताणला जातो आणि आतून फाटत जातो, तो शर्यत संपेपर्यंत भरून येत नाही.

सेंट-दनी

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तुझा आक्षेप रास्त आहे: १७० किलोमीटर आणि दहा हजार मीटर चढ कुठेही माणसाला मोडेल, त्यात ज्वालामुखीचं श्रेय काय? म्हणून आल्प्सशी ताडून पाहू. माँ ब्लाँभोवतीच्या यूटीएमबी शर्यतीचं अंतर आणि चढाई जवळपास एवढीच. फ्रान्स्वा देन या फ्रेंच धावपटूने दोन्ही शर्यती चार-चार वेळा जिंकल्या आहेत. २०२१मध्ये आल्प्समध्ये त्याला पावणेएकवीस तास लागले. इथे २०१८मध्ये, बेनुवा जिरोंदेलबरोबर पहिला येताना, तेवीस तासांहून जास्त. माणूस तोच, अंतर-चढाईही जवळपास तीच. फरक पायाखालच्या वाटेचा. उष्मा आणि दमट हवेचाही वाटा आहे, हे मान्य. पण किनारा सोडून उंचावर गेल्यावर रात्री चांगलीच थंडी असते आणि तिथेही वेग वाढत नाही. शेवटच्या टप्प्यातला ‘शमँ देझांग्ले’ हा बेसाल्टच्या ओबडधोबड फरश्यांचा जुना रस्ता किनाऱ्यालगतचा, उंची नावालाच. तरीही थकलेल्या पायांची खरी परीक्षा तिथेच होते.

तेव्हा इथे येऊ पाहणाऱ्या आपल्या मंडळींना सांग, सह्याद्रीचा सराव वाया जाणार नाही, पण तो पठारावरचे किलोमीटर मोजून करू नका. ओल्या नाळा, मोडक्या पायऱ्या, भर रात्रीचा उतार यांतच खरा सराव आहे. आठवड्याच्या वहीत चढ लिहितात तसा उतारही मीटरमध्ये लिहावा. वहिनीला नमस्कार.

तुझा धाकटा भाऊ