कट्ट्यावरचा समर कॅम्प

एप्रिल उजाडला की आमच्या ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये अप्रायझलनंतरचा दुसरा हॉट टॉपिक ठरलेला असतो. ‘मुलाला कुठे टाकलंस?’ म्हणजे कुठल्या समर कॅम्पला! रोबोटिक्स, स्केटिंग, कोडिंग, गॅसशिवाय कुकिंग आणि सगळ्यांचा लाडका आयटम, पर्सनॅलिटी डेव्हलपमेंट. ‘टाकलंस’ हे क्रियापद जरा ऐका. पण नावं तरी कशाला ठेवायची? नवरा-बायको दोघंही लॉगिन करून बसलेले असतात, शाळा दीड महिना बंद असते आणि आजी-आजोबा गावी असतात. मुलाला दिवसभर ठेवायचं कुठे, हा प्रश्न आधी येतो. त्याचा विकास वगैरे त्यानंतर.

माझा लेक नऊ वर्षांचा आहे. तो अडखळत बोलतो. घरी कमी, शाळेत जास्त आणि अनोळखी माणसाने नाव विचारलं की सगळ्यात जास्त. त्याच्या शाळेच्या गॅदरिंगमधल्या नाटकात त्याला झाडाचं काम मिळालं होतं. झाड बोलत नाही, हा त्यामागचा विचार. वाईट हेतूने नाही हो, सोय म्हणून! पण घरी आल्यावर त्याने तो पुठ्ठ्याचा बुंधा पलंगाखाली सरकवला, तो पुन्हा बाहेर काढला नाही.

त्यामुळे गेल्या उन्हाळ्यात ठाण्यातल्या कॅम्पांची माहितीपत्रकं चाळताना ‘आत्मविश्वासाने बोला’ हे वाक्य आलं की माझं बोट तिथेच थांबायचं. मग आईचा फोन आला. ‘हय शिबिर आसा दहा दिवसांचा. घेवन ये त्येका.’

हय म्हणजे कट्टा. तुमचा कॉलेजचा कट्टा नव्हे, मालवण-कसाल रस्त्यावरचं आमचं गाव. बाजार, एसटीचा थांबा, हायस्कूल आणि आजूबाजूला काजूच्या बागा. पर्यटक इथे थांबत नाहीत, ते सरळ तारकर्लीला जातात. पण शिबिर हा शब्द इथे समर कॅम्पच्या कितीतरी आधी पोचला. बॅरिस्टर नाथ पै वेंगुर्ल्याचे. १९५७ पासून ते राजापूरचे खासदार होते, १९७१ मध्ये ते गेले. त्यांच्या नावाचं सेवांगण मालवणला आहे, तसंच कट्ट्यालाही आहे. राष्ट्र सेवा दल १९४१ चं. माझ्या आईच्या पिढीतल्या कितीतरी जणांच्या शिबिराच्या आठवणी या मंडळींच्या वळणाच्या आहेत : गाणी, श्रमदान आणि पंगत.

हे शिबिर मात्र घरगुती होतं. चार शिक्षक, कॉलेजात जाणारी सात-आठ मुलं आणि एक मोठा मांगर. बॅनर नाही, टी-शर्ट नाही. सकाळी नऊला मुलं सोडायची, पाचला न्यायची. दुपारी उकड्या तांदळाची पेज. मी लॅपटॉप घेऊन माहेरी आले होते आणि रेंज फक्त विहिरीपाशी येत होती. त्यामुळे त्या पंधरवड्यातले माझे सगळे क्लायंट कॉल रहाटाच्या कुरकुरीसह पार पडले.

पहिल्या दोन दिवसांतल्या बौद्धिकांबद्दल मी काही बोलणार नाही. मुलं जांभया देत होती. तिसऱ्या दिवशी रतांबे फोडायला बसवलं तेव्हा जरा जान आली. सालं सोलांसाठी वेगळी काढायची, गर वेगळा. पोर घरी आलं ते कोपरापर्यंत लाल होऊन. मग एकदा धामापूरचा तलाव झाला. याच तलावाला २०२० मध्ये जागतिक वारसा सिंचन स्थळाचा मान मिळाला. एकदा कुडाळजवळचं पिंगुळी झालं. तिथे ठाकर समाजाच्या कलाकारांच्या कळसूत्री बाहुल्या आणि चित्रकथी पाहिली. त्यातले परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली. बाकीची मुलं बाहुल्यांच्या दोऱ्यांना झोंबली. आमचा बाजूला उभा. ‘मजा आली?’ तर ‘हं.’

आणि सहाव्या दिवशी दशावतारातले एक काका आले.

तुळशीच्या लग्नाच्या सुमारास जत्रा सुरू झाल्या की दशावताराचे खेळ लागतात, ते थेट पाऊस तोंडावर येईपर्यंत. रात्री राजा आणि सकाळी डोक्यावर बोजा, असं आमच्याकडे या कलाकारांबद्दल म्हणतात. रात्रभर मुकुट घालून दरबार गाजवायचा आणि उजाडल्यावर सामान उचलून पुढच्या गावी निघायचं. या नाटकाला लिहिलेली संहिता नसते, ही त्यातली सगळ्यात भारी गोष्ट. आख्यान ठरलेलं, पात्रं ठरलेली, पण वाक्यं ज्याची त्याने तिथल्या तिथे रचायची. समोरचा काय बोलेल ते आधी माहीत नसतं!

काकांनी मुलांना भराभर कामं वाटली. राजा, राक्षस, नारद. आमच्याकडे वळून विचारलं, ‘झिला, तू काय होतलस?’ लेकाचा ओठ थरथरला आणि पहिलंच अक्षर अडकलं. मी दारात उभी होते. पुढे होऊन त्याच्या वतीने सांगावं, असं अगदी तोंडावर आलं होतं.

काका थांबले. घाई नाही, मदत नाही, कौतुकाचं हसूही नाही. मग म्हणाले, ‘बरां, बोलाक नको तर हय बस माझ्या बाजूक. झांज धर. आणि ह्यो राजा कधी गप ऱ्हवतलो, ताच बघ.’

आता बघा, संहिता नसलेल्या नाटकात मृदंगवाल्याला क्यू कोण देणार? त्याने नटाचा श्वास ऐकायचा. वाक्य संपत आलंय की अजून लांबणार आहे, आवाज चढतोय तो लढाईसाठी की रडण्यासाठी, हे ओळखून हात टाकायचा. आणि माझ्या मुलाने आयुष्यभर दुसरं केलंय काय? बोलणं कठीण म्हणून तो ऐकत बसलेला असतो. वर्गात, वाढदिवसांना, लिफ्टमध्ये. दुसऱ्या दिवशी त्याची झांज राजाच्या शेवटच्या शब्दावर बरोब्बर पडली. तिसऱ्या दिवशी काकांनी त्याला मृदंगाला हात लावू दिला.

त्या संध्याकाळी पडवीत तो आजीला शिकवत होता. ‘धा दिं ता, किट धा दिं ता... आज्ये, तू चुकलीस, पुन्हा!’ बोल मांडीवर ठोकत, न अडखळता, एका दमात. मी विहिरीपाशी कॉलवर होते. म्यूट केलं आणि ऐकत राहिले.

थांबा, इथे व्हायोलिन वाजवू नका. तालात बोलताना किंवा गाताना अडखळणारी माणसं बऱ्याचदा सहज बोलून जातात. आमच्या स्पीच थेरपिस्टने हे मला पूर्वीच सांगितलं होतं, आणि हा इलाज नव्हे हेही. बोल संपले, आजीने ‘जेवतलस काय?’ विचारलं आणि ‘हो’चा ‘ह’ पुन्हा अडकला. शेवटच्या दिवशी गावासमोर प्रयोग झाला, त्यातही तो एक शब्द बोलला नाही. राजा मात्र मध्येच पुढचं विसरला, अगदी ठार गप्प झाला. तेव्हा मृदंगाशेजारच्या या चिरंजीवांनी झांजेचा असा काही धडाका लावला की लोकांना वाटलं, लढाईच सुरू झाली. राक्षस पळत आत आला, राजाने तलवार काढली आणि नाटक पुढे सरकलं. काकांनी मान हलवली, एवढंच.

ठाण्याला परतल्यावर आधी त्याने यूट्यूबवर दशावताराचे खेळ शोधून काढले. मग क्लासचा शोध. तबल्याचे क्लास चिक्कार, पण याला तबला नको, ‘आडवं असतं ते’ हवं. दशावतारातला मृदंग इथे शिकवणारं कुणी सापडलं नाही, त्यातल्या त्यात जवळचा म्हणून पखवाज मिळाला. भजनी मंडळातले एक सर शिकवतात, बुधवारी आणि शनिवारी. पहिल्या दिवशी सरांनी नाव विचारलं. त्याला बराच वेळ लागला. सर थांबले, मीही थांबले.

पखवाजाच्या डाव्या बाजूला भिजवलेली कणीक लावतात, म्हणजे आवाज खोल येतो. ती रोज ताजी लागते. त्यामुळे बुधवारी पोळ्यांसाठी कणीक मळली की त्यातला एक गोळा आधी डब्यात जातो. सैल झाली तर चालत नाही, असं मला बजावून सांगितलेलं आहे.