परिमाण शिकवणारा रस्ता

ऑस्ट्रेलियाच्या दक्षिण किनाऱ्यावरील पोर्ट ऑगस्टापासून उत्तर टोकाच्या डार्विनपर्यंत जाणारा स्टुअर्ट महामार्ग सुमारे 2,700 कि.मी. लांबीचा आहे. 1861-62 मध्ये हा खंड दक्षिणेकडून उत्तरेकडे पार करणाऱ्या जॉन मॅकडूअल स्टुअर्ट या संशोधकाचे नाव त्यास दिले आहे. मोटारीमागे कॅरॅव्हॅन, म्हणजे निजण्या-रांधण्याची सोय असलेले चाकांवरचे छोटे घर, जोडून अनेक कुटुंबे मुलाबाळांसह या मार्गाने देशाच्या उष्ण अंतर्भागात, आउटबॅकमध्ये शिरतात. स्वतःची चूल सोबत असल्याने शुद्ध आहाराचा नियम पाळणाऱ्यांना हा प्रवास विशेष सोयीचा ठरतो.

मात्र या प्रदेशात पहिला हिशेब पाण्याचा असतो. उन्हाळ्यात, म्हणजे डिसेंबर ते फेब्रुवारी या काळात, तापमान 40 अंशांच्या वर जाते. ग्लेन्डॅम्बो सोडल्यानंतर कूबर पेडीपर्यंत सुमारे 250 कि.मी. अंतरात इंधनाचा पंप नाही, आणि वस्त्यांच्या दरम्यान मोबाईल बहुधा चालत नाही. या महामार्गाच्या पूर्वेस असलेल्या बर्ड्सव्हिल ट्रॅक या कच्च्या वाटेवर 1963 च्या डिसेंबरात एका कुटुंबातील पाचही जण इंधन व पाणी संपल्याने प्राणास मुकले. म्हणूनच गाडी बंद पडली तर ती सोडून चालत निघू नये, तिच्याच सावलीत मदतीची वाट पाहावी, हा येथील पहिला नियम आहे. आपल्याकडे पाणी गाळून, जपून वापरण्याचा संस्कार आहेच. येथे त्याच्या जोडीला माणशी किती लिटर, हे निघण्यापूर्वीच ठरवावे लागते. परिग्रह-परिमाण व्रताचा अर्थ कॅरॅव्हॅनच्या त्या मर्यादित टाकीपुढे मुलांनाही सहज उमगतो.

दुसरा नियम सूर्यास्ताचा. तिन्हीसांजेला आणि पहाटे कांगारू चरण्यासाठी रस्त्यालगत येतात. वेगात असलेल्या मोटारीची धडक प्राण्याच्या आणि प्रवाशांच्याही जिवावर बेतते. त्यामुळे जाणकार प्रवासी दिवस मावळण्यापूर्वीच मुक्कामाला थांबतात. रात्रिभोजन वर्ज्य असलेल्या घरांना हे वेळापत्रक मुळीच परके वाटत नाही. उजेड असतानाच जेवण आटोपले की दिव्यावर झेपावणाऱ्या कीटकांची हिंसाही टळते. कडक उन्हाच्या व वाऱ्याच्या दिवशी उघड्यावर विस्तव पेटवण्यास पूर्ण बंदी असू शकते; ती सूचना रोज पाहणे आवश्यक असते.

ॲडलेडपासून सुमारे 850 कि.मी. अंतरावरील कूबर पेडी हे गाव रत्नांच्या व्यापारात वावरलेल्या वाचकांचे लक्ष वेधून घेईल. 1915 मध्ये सोन्याच्या शोधात आलेल्या एका तुकडीतील चौदा वर्षांच्या मुलाला पाण्याचा शोध घेताना येथे ओपल सापडला. पुढे खाणी निघाल्या आणि उन्हापासून बचाव म्हणून अनेकांनी जमिनीखाली घरे कोरली. बाहेर भट्टी पेटलेली असताना या घरांत वातानुकूलनाशिवायही सुखद गारवा असतो.

तेथून उत्तरेस अर्लडंडा येथे पश्चिमेकडे वळल्यावर सुमारे 250 कि.मी. अंतरावर उलुरू हा 348 मीटर उंचीचा तांबूस एकसंध खडक उभा आहे. अनंगू या मूळ निवासी लोकांचे हे पवित्र स्थान. 1985 मध्ये या भूमीची मालकी त्यांना परत मिळाली. खडकावर चढू नये अशी त्यांची विनंती दीर्घकाळ होती. तरीही असंख्य पर्यटक चढत राहिले. अखेर 26 ऑक्टोबर 2019 पासून ही चढाई कायमची बंद झाली. काही भागांची छायाचित्रे घेऊ नयेत, असेही तेथील फलक सांगतात.

आपल्या तीर्थांवर पायऱ्या चढून जाणे ही भक्ती. येथे न चढणे हाच आदर. पायथ्याभोवतीची 10.6 कि.मी. ची वाट मात्र खुली आहे. उन्हाच्या दिवसांत ती सकाळी अकरापूर्वी पूर्ण करावी, असे उद्यानाचे सांगणे आहे. मे ते सप्टेंबर हा त्यासाठी उत्तम काळ. त्या दिवसांत रात्री कडाक्याची थंडी पडते, म्हणून उबदार कपडे सोबत असावेत. पहाटेच्या गारव्यात, पाण्याची बाटली खांद्याला लावून, मुलांचा हात धरून केलेली ही प्रदक्षिणा शिखर गाठल्याच्या समाधानाहून उणी ठरत नाही.