अंगठी सापडली नसती तर

सोलापूरच्या पूर्व भागात माझे बालपण गेले. पहाटे मागांचा खडखडाट सुरू झाला, की निजलेल्याने उठावे, असा त्या वस्तीचा रिवाजच होता. आसपासची घरे बहुतेक तेलुगू बोलणाऱ्या पद्मशाली विणकरांची. आमच्यासारखी मराठी घरे थोडी. परंतु अंगण एकच असल्यामुळे दोन्ही भाषा आमच्या कानांवर सारख्याच पडत. दुपारी त्याच अंगणात बायका विड्या वळीत बसत. मांडीवर सूप, सुपात तंबाखू व भिजवून कापलेली तेंदूची पाने. पान वळायचे, दोरा गुंडाळायचा, तोंड दुमडायचे. हजार विड्या भरल्याखेरीज त्यांचा दिवस पुरा होत नसे.

मी तेव्हा सहावीत होतो. त्या वर्षी उन्हाळ्याच्या सुटीत माझ्या ताईने हिराचंद नेमचंद वाचनालयातून एक पुस्तक आणले. शकुंतलेची जुनीच कथा कोणा लेखकाने तरुण मुलामुलींसाठी नव्याने, कादंबरीच्या रूपात लिहिली होती. ताई ते एकटीच वाचून हसे आणि एकटीच डोळे पुसे. अखेर बायकाच म्हणाल्या, "पोरी, आम्हांला पण सांग की! हात आमचे कामात असतात, कान रिकामेच आहेत." तेव्हापासून रोज दुपारी वाचन सुरू झाले.

दुष्यंत आणि शकुंतला यांची भेट झाली, तेव्हा साऱ्या जणी एकमेकींकडे पाहून हसल्या. कण्वांच्या आश्रमातून शकुंतला सासरी निघाली, तेव्हा मात्र कोणी हसले नाही. हरिणाचे पाडस तिचा पदर ओढते, हे वाचताना ताईचाच आवाज अडखळला, आणि एरवी क्षणभरही न थांबणारे हात त्या दिवशी थांबले. कोळ्याच्या प्रकरणावर मोठा वाद झाला. माशाच्या पोटात राजाची अंगठी सापडली, हे त्याने खरे सांगितले, तरी शिपायांनी त्याला चोर ठरवून बडवले. "खरे बोलून मार खाल्ला ना बिचाऱ्याने! मग बक्षीस तरी सगळे त्याच्याच हाती लागले का?" असे एकीने विचारले. शिपायांनीही त्यातला वाटा घेतला, हे कळताच ती फार संतापली. राजाराणीपेक्षा तिला त्या कोळ्याचीच काळजी अधिक!

आमची आजी ओसरीवर जपाची माळ घेऊन बसलेली असे. तिने बालपणी पुराणिकांच्या तोंडून भारत ऐकले होते. ती एकदम म्हणाली, "हा दुर्वासांचा शाप आणि ही अंगठी तुमच्या पुस्तकात आली कोठून? व्यासांच्या कथेत त्यांतले काही नाही. तेथे राजा विसरलेला नसतोच. लोक काय म्हणतील, म्हणून तो ओळख नाकारतो. शकुंतला मुलाला घेऊन भर सभेत उभी राहते आणि त्याला चांगले खडसावते. मग आकाशवाणी होते, तेव्हा कोठे तो कबूल करतो."

ताई हिरमुसली. आपल्या लेखकाने कथा बिघडवली, असेच तिला वाटले असावे. पुढे मला कळले, की शाप आणि अंगठी ही या लेखकाची करणी नव्हे. ती कालिदासाच्या नाटकात आहेत. म्हणजे जुनी कथा नव्याने सांगण्याचा हा उद्योग काही आजचा नाही! त्याच नाटकाचे विल्यम जोन्स यांनी १७८९ मध्ये इंग्रजी भाषांतर केले. त्यावरून ते जर्मन भाषेत गेले आणि गटे या महाकवीने ते वाचून त्याच्या स्तुतीपर कविता लिहिली. अण्णासाहेब किर्लोस्करांनी ते संगीताने नटवून ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्याच्या रंगभूमीवर आणले, तेव्हा मराठी प्रेक्षकही असेच भारावले. गटेच्या कौतुकाची हकीकत मी नंतर पुस्तकांतून वाचली. आमच्या अंगणातील अभिप्राय मात्र मी या कानांनी ऐकला आहे, आणि मला तोच अधिक आठवतो.

शेजारच्या अक्का कोपऱ्यात बसत. त्यांचा नवरा भिवंडीला यंत्रमागावर कामाला गेला होता. पहिले काही महिने मनीऑर्डर आली. नंतर पैसे नाहीत, की पत्रही नाही. त्यांची मुलगी वर्षाची झाली होती. एवढे दिवस अक्का वाचनाविषयी चकार शब्द बोलल्या नव्हत्या. पुस्तक संपले, राजाराणी भेटली, सिंहाच्या छाव्याचे दात मोजणारा भरत बापाच्या कडेवर बसला. सगळ्या जणी समाधानाने उठू लागल्या. तेव्हा अक्कांनी हळूच विचारले, "अंगठी सापडली नसती तर?"

ताई म्हणाली, "पण सापडली ना, अक्का! गोष्टच तशी आहे."

"ते खरे गं," अक्का म्हणाल्या, "तुझ्या पुस्तकातला राजा शापामुळे विसरला. आजीबाईंचा राजा जाणून विसरला. बाईने कोणता धरायचा?"

कोणी काही बोलेना. आजीच्या हातातली माळ तेवढी थांबली. ताईने पुस्तक मिटले, पुन्हा उघडले, आणि उगाचच पाने चाळली.

त्याच संध्याकाळी अक्का एक कोरे कार्ड घेऊन माझ्याकडे आल्या. त्यांना लिहिता येत नसे. मी दौत-टाक घेऊन बसलो. मला वाटले, आता मोठे रागाचे किंवा रडण्याचे पत्र लिहावे लागणार. शकुंतलेचे एखादे वाक्य त्यात घालावे, असेही माझ्या मनात येऊन गेले. ताईला विचारून दोन वाक्ये मी पाठही करून ठेवली होती. मी तसे सुचवताच अक्कांनी मान हलवली.

"नको. एवढेच लिही, पोरगी चालू लागली. आणि खाली आपला पत्ता नीट लिही. घराचा नंबर विसरू नको."

मी लिहिले. अक्षर वळणदार यावे, म्हणून फार जपून लिहिले. अक्कांनी कार्ड हातात घेऊन शाई वाळेपर्यंत फुंकर घातली. मी ते पेटीत टाकून येतो म्हणालो. पण त्यांनी ते माझ्या हाती दिले नाही. मुलीला कडेवर घेऊन त्या स्वतःच टपालपेटीकडे निघाल्या. वाटेत त्यांनी मुलीला खाली उतरवले, आणि ती त्यांचे बोट धरून चालू लागली.