उज्जयिनीच्या धर्मशाळेत

आमच्या वाचकांस धर्मशाळा म्हणजे काय, हे समजावून सांगण्याचे प्रयोजन नाही. मंगेशी, कवळे, म्हार्दोळ, रामनाथी येथील देवळांच्या प्राकारात उभ्या असलेल्या कौलारू अग्रशाळांत ज्यांनी जत्रेच्या रात्री काढल्या नाहीत, अशी घरे आपल्यात थोडीच सापडतील. एका खोलीत दोन कुटुंबे, भिंतीकडेला वळकट्या, दोरीवर ओले पंचे, आणि पहाटे चौघड्याने येणारी जाग, हे सारे आपल्या अंगवळणी पडलेले असते. तथापि अग्रशाळेत आपण जातो ते घरचे म्हणून. तेथील पुजारी आपल्याला ओळखतात, भटजींना आपले गोत्र पाठ असते. धर्मशाळेत मात्र माणूस परका म्हणून जातो. हा भेद किती मोठा आहे, हे उज्जयिनीस चार दिवस राहिल्यावर आमच्या ध्यानी आले. त्या चार दिवसांविषयीच आज चार शब्द लिहावयाचे आहेत.

उज्जयिनी ही सप्तपुरींतील अवंतिका. मुंबईहून संध्याकाळी सुटणारी गाडीही अवंतिका याच नावाची असून ती सकाळी यात्रेकरूला महाकालाच्या गावी आणून सोडते. आम्हां सारस्वतांस तर या नगरीचे एक विशेष अगत्य असावयास हवे. १२३५ च्या सुमारास सुलतान इल्तुतमिशाच्या स्वारीत महाकालाचे प्राचीन देऊळ उद्ध्वस्त झाले. पुढे पाचशे वर्षांनी, अठराव्या शतकात, मराठ्यांचा अंमल माळव्यात बसला तेव्हा ते पुन्हा उभे राहिले. राणोजी शिंदे यांचे दिवाण रामचंद्रबाबा शेणवी, म्हणजे सुखठणकर, यांनी हे कार्य तडीस नेले. आपल्याच कोकणपट्टीतील एका कुळाचा हात त्या शिखराला लागलेला आहे. स्थानकावर उतरताना हा अभिमान आमच्या मनात नव्हता, असे म्हणणे खोटे होईल. पण त्या अभिमानाला धर्मशाळेच्या कारकुनाने फारशी किंमत दिली नाही, आणि तेच योग्य झाले!

देवास गेटपासून महाकालाकडे जाताना वाटेत धर्मशाळाच धर्मशाळा लागतात. त्यांतील बऱ्याच एकेका ज्ञातीने, आपापल्या लोकांची सोय व्हावी म्हणून, वर्गण्या गोळा करून बांधलेल्या आहेत. दारावर दात्यांची नावे संगमरवरात कोरलेली असतात. कोणी एक खोली दिली, कोणी दोन पंखे, तर कोणी आईच्या स्मरणार्थ पाण्याची टाकी. आम्ही ज्या धर्मशाळेत उतरलो तेथे उंबरठ्याशीच एक लाकडी मेज, त्यावर लांबलचक रजिस्टर आणि मागे चष्मा कपाळावर चढवलेले एक वृद्ध कारकून बसले होते. "कहाँ से आए? कितने लोग? कौन समाज?" असे तीन प्रश्न त्यांनी एका श्वासात विचारले. गोवा हे नाव ऐकताच त्यांच्या भुवया वर गेल्या. गोव्यातूनही लोक देवदर्शनास येतात, ही गोष्ट उत्तरेकडे अजून पुष्कळांना नवी वाटते. आमची आधारपत्रे तपासली गेली, नावे लिहिली गेली, आणि प्रत्येकाच्या नावापुढे एकमेकांशी असलेले नातेही लिहिले गेले. त्यासाठी रजिस्टरात एक स्वतंत्र रकाना होता. त्या रकान्याविषयी पुढे सांगावयाचे आहे.

खोलीचे वर्णन काय करावे! दोन लोखंडी खाटा, त्यांवर गादी या नावाने ओळखली जाणारी एक पातळ वस्तू, एक खिडकी, एक खुंटी आणि एक बादली. आम्ही पाच जण होतो, म्हणून तिघांनी जमिनीवर चटया अंथरल्या. भिंतीवर नियमांचा फलक होता. मद्यमांसास मनाई, पत्ते खेळण्यास मनाई, तीन दिवसांहून अधिक राहावयाचे तर विशेष परवानगी, रात्री साडेदहानंतर दरवाजा बंद, आणि शेवटी ठळक अक्षरांत, एकट्या प्रवाशास खोली मिळणार नाही. पाणी सकाळी दोन तास आणि संध्याकाळी एक तास. प्राचीन ज्योतिष्यांनी या नगरीवरून जाणारी रेखा मूळ मानून रेखांश मोजले आणि त्यांवरून साऱ्या भरतखंडाचा काळ ठरवला, असे आपण वाचतो. आमचा काळ मात्र त्या नगरीत नळावरून ठरत असे.

धर्मशाळेत झोप ही अखंड वस्तू नसते. रात्री अकरा वाजता शेवटचे दार लागते आणि एक वाजल्यापासून पहिली बादली वाजू लागते. महाकालाची भस्म आरती पहाटे चारच्या सुमारास होते. तिच्यासाठी आधी नाव नोंदवावे लागते, मध्यरात्री उठून स्नान करावे लागते, पुरुषांनी सोवळे आणि स्त्रियांनी साडी नेसून रांगेत उभे राहावे लागते. त्यामुळे एका खोलीतील लोक झोपावयास जातात तेव्हा शेजारच्या खोलीतील लोक उठत असतात. कोणी कुजबुजत स्तोत्र म्हणतो, कोणाचे मूल रडते, कोणी अंधारात दुसऱ्याच्या वहाणा पायात घालून जातो. आमच्या भिंतीपलीकडील एक गृहस्थ असे घोरत की भस्म आरतीचा डमरू आधीच सुरू झाला काय, असा भास व्हावा. पण तिसऱ्या रात्री आमच्या ध्यानी आले की त्या आवाजावाचून आता आम्हांलाच झोप येत नाही. मनुष्य परक्याच्या घोरण्यालाही सरावतो, तर त्याच्या भाषेला, अन्नाला आणि देवाला का सरावणार नाही?

अन्नाचा विषय निघालाच आहे, तर चौकातील संध्याकाळ सांगितली पाहिजे. माळव्यातील शेतकरी कुटुंबे शिधा बरोबर घेऊन येतात. चौकाच्या कोपऱ्यात गोवऱ्यांचा निखारा करून त्यात ते बाफले भाजतात, मग तुपात बुडवून डाळीबरोबर खातात. आम्हां उकड्या तांदळाच्या पेजेवर वाढलेल्या माणसांस तो पदार्थ पहिल्या दिवशी जड गेला, दुसऱ्या दिवशी रुचला आणि तिसऱ्या दिवशी आम्हीच निखाऱ्याजवळ जाऊन बसलो. शाजापुराकडील एका कुटुंबाने आम्हांस न विचारता पाने वाढली. त्यातील आजीबाईंना आमचे हिंदी कळत नव्हते आणि आम्हांस त्यांची माळवी कळत नव्हती. आम्ही बरोबर आणलेले नारळाचे लाडू त्यांच्या हातावर ठेवले. त्यांनी एक तुकडा मोडून तोंडात टाकला आणि उरलेला पदराच्या टोकाला बांधला, नातवंडांसाठी. एवढ्यावर ओळख झाली. कोकणीत ज्याला आपण येवकार म्हणतो, त्याला शब्दांची फारशी गरज नसते.

दिवसा आम्ही क्षिप्रेवर गेलो. रामघाटावर तीर्थोपाध्याय बसतात. गाव आणि आडनाव सांगितले की ते लाल कापडात बांधलेल्या वह्या सोडतात. आमच्यापैकी एकाच्या पणज्याची नोंद तेथे निघाली. मोडी अक्षर, गावाचे नाव, बरोबर आलेल्या भावांची नावे, आणि खाली सही. रेल्वे अर्ध्या वाटेपर्यंतही नसताना तो गृहस्थ येथवर आला होता. तो कोठे उतरला असेल, काय खाल्ले असेल, कोणी दार उघडले असेल, याची नोंद मात्र वहीत नव्हती. वह्या रक्ताची नाती जपतात, रात्रीचा आसरा देणाऱ्याचे नाव जपत नाहीत. क्षिप्रेचीही एक गोष्ट तेथेच कळली. उन्हाळ्यात तिचे पात्र सुकत असे, म्हणून २०१४ पासून नर्मदेचे पाणी तिच्यात आणून सोडले जाते. म्हणजे ज्या तीर्थात आपण स्नान करतो तेथील पाणीही पाहुणेच आहे! तिने ते आपले म्हणून वागवले आणि आपणही ते क्षिप्रेचेच म्हणून मस्तकी लावले.

आता त्या रकान्याविषयी. दुसऱ्या रात्री दहाच्या सुमारास एक वृद्ध गृहस्थ दाराशी आले. हातात कापडी पिशवी, पायात धुळीने भरलेल्या वहाणा. पत्नीचे श्राद्ध सिद्धवटावर करावयाचे म्हणून ते निमाडातून एकटेच आले होते. कारकुनांनी फलकाकडे बोट दाखवले. एकट्या प्रवाशास खोली नाही. त्यांच्या बोलण्यात कठोरपणा नव्हता. हा नियम अकारण झालेला नव्हता, हेही त्यांनी सांगितले. एकटा आलेला माणूस रात्री आजारी पडतो, कधी जिवाचे बरेवाईट करून घेतो, मग पोलीस येतात आणि धर्मशाळेला टाळे लागण्याची वेळ येते. वृद्धाने वाद घातला नाही. त्याने पिशवी उचलली आणि तो वळला. तेवढ्यात चौकातून त्या शाजापूरच्या आजीबाई पुढे आल्या आणि म्हणाल्या, "इनको हमारे साथ लिख लो." कारकुनांनी विचारले, "रिश्ता?" कारण तो रकाना भरावा लागे. आजीबाई क्षणभर थांबल्या. मग म्हणाल्या, "लिख दो, भाई."

कारकुनांनी चष्मा खाली ओढला, दोघांकडे पाहिले आणि रजिस्टरात तो शब्द लिहिला. आमच्यातील एकाने आपली जास्तीची चटई त्यांना दिली. दुसऱ्या दिवशी सकाळी ते गृहस्थ सिद्धवटाकडे गेले, ते त्या कुटुंबाच्या बैलगाडीइतक्या जुन्या मोटारीतून, घरचे वडीलधारे म्हणून पुढच्या आसनावर बसून.

या प्रसंगात चमत्कार असा काही नाही. पण आम्ही त्याचा विचार पुष्कळ केला. एका बाजूस नियम होता आणि तो शहाणपणाचाही होता. दुसऱ्या बाजूस धर्मशाळा या शब्दातील पहिला अर्धा भाग होता. कारकुनांनी नियम मोडला नाही आणि आजीबाईंनी धर्म मोडू दिला नाही. दोघांनाही वाट सापडली, ती एका शब्दात. जर्मनीत रिचर्ड शिरमान नावाच्या एका शाळामास्तराला १९०९ मध्ये मुलांसह पायी हिंडताना वादळाने गाठले आणि एका शाळेच्या खोलीत गवतावर रात्र काढावी लागली. त्या रात्री त्याला जी कल्पना सुचली तिच्यातून पुढे १९१२ मध्ये अल्टेनाच्या किल्ल्यात तरुण प्रवाशांचे वसतिगृह निघाले आणि तशी वसतिगृहे जगभर पसरली. स्वस्त खाट, सामाईक स्वयंपाकघर, परक्यांचा शेजार, हे सर्व तेथेही आहे. आपल्याकडे अहिल्याबाई होळकरांसारख्यांनी त्याच्या कितीतरी आधी गावोगाव धर्मशाळा आणि घाट बांधले. परंतु वास्तू बांधणे हे अर्धेच काम असते. उरलेले अर्धे दाराशी रोज नव्याने करावे लागते.

येथे आपल्या अग्रशाळांकडे वळल्यावाचून आमच्याने राहवत नाही. त्या महाजनांनी आणि कुळाव्यांनी बांधल्या, त्यांचा पहिला हक्क मान्यच आहे. परंतु आपल्या देवांचा इतिहास आपण विसरू नये. सोळाव्या शतकात फिरंग्यांनी देवळे पाडण्यास आरंभ केला तेव्हा कुठ्ठाळीचा मंगेश १५६० मध्ये नदीपार प्रियोळास गेला, केळोशीची शांतादुर्गा कवळ्यास गेली, वेर्ण्याची म्हाळसा म्हार्दोळास गेली. देवांना घेऊन निघालेल्या त्या माणसांजवळ दाखवावयास कोणते पत्र होते? अंत्रुजच्या लोकांनी त्यांना आसरा दिला, म्हणून आज आपल्याला कुळदेवता आहे आणि तिच्या प्राकारात अग्रशाळा आहे. ज्यांचे देवच एकेकाळी आसरा मागत निघाले, त्यांनी दाराशी आलेल्या परक्याला कोणता प्रश्न आधी विचारावा?

उज्जयिनी सांप्रत झपाट्याने बदलत आहे. २०२२ च्या ऑक्टोबरात महाकाल लोक हा विस्तीर्ण परिसर खुला झाला आणि यात्रेकरूंचा ओघ फार वाढला. गुरू सिंह राशीत आला की भरणारा सिंहस्थ मेळा पुन्हा २०२८ मध्ये यावयाचा आहे. नवनवी हॉटेले उभी राहत आहेत. जुन्या धर्मशाळांतूनही थंड हवेच्या खोल्या निघाल्या आहेत आणि त्यांचे भाडे ऐकून शाजापूरची आजीबाई उंबरठा ओलांडणार नाही. सोयी वाढू नयेत, असे आमचे मत नाही. पाठीला टोचणारी गादी हे काही पुण्याचे साधन नव्हे. परंतु हॉटेलात माणूस दार लावून घेतो आणि शेजारी कोण आहे, हे त्याला कळत नाही. कोणाच्या रकान्यात कोणी भाऊ म्हणून लिहिले जाण्याचा संभव तेथे नसतो.

म्हणून आपल्या महाजनांच्या वार्षिक सभेपुढे आम्ही एक नम्र सूचना ठेवू इच्छितो. अग्रशाळांचे जीर्णोद्धार होत आहेत, स्नानगृहे सुधारत आहेत, हे उत्तमच. त्याबरोबर प्रत्येक अग्रशाळेत एक लहानशी खोली अशी असावी, जी कोणत्याही कुळाच्या नावे राखलेली नसेल. रात्री उशिरा आलेला एकटा माणूस, वृद्ध, विधवा, आजाऱ्याबरोबर आलेला नातलग, यांना ती मिळावी. ओळखपत्र पाहावे, कायदा पाळावा, नाव अवश्य लिहून घ्यावे. फक्त गोत्र विचारू नये, आणि नात्याचा रकाना रिकामा राहिला तर तो देवस्थानाच्या नावे भरावा. एवढ्याने देवस्थानाचा खर्च फारसा वाढणार नाही, आणि देवाला तर तो मुळीच जड होणार नाही.